चाखणारी जीभ

आई भाजी तळहातावर चाखते. पळीतला रस्सा डाव्या हातावर दोन थेंब ओतते, फुंकर घालते, जिभेला लावते आणि क्षणभर चुलीकडे न बघता दाराबाहेर कुठेतरी बघत उभी राहते. मग तीन बोटं मिठाच्या बरणीत जातात, किंवा जात नाहीत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या घरी तेव्हा नऊ माणसं जेवायची, आणि नऊ जणांचं मीठ त्या एका क्षणात ठरायचं. कोणी तक्रार केलीच तर ती 'मीठ कमी झालं' अशी असायची. जास्त झाल्याची तक्रार मला आठवत नाही, कारण आमच्या सगळ्यांच्या जिभा आईच्याच जिभेने घडवलेल्या होत्या.

या पुस्तकाची सुरुवात त्या तळहातापासून झाली. बाबांचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. घरोघरी होतं तेच आमच्याकडे झालं. बाबांची भाजी मीठ टाकायच्या आधी एका वाटीत वेगळी काढली जाऊ लागली. बाबा ताटावर बसायचे, दोन घास खायचे आणि विचारायचे, "मीठ विसरली का आज?" आई आठवण करून द्यायची. मग ते लोणच्याकडे हात करायचे. एकाच घरात आठ जण चवीचं खाताहेत आणि एकाच्या पानात पाणी-पाणी, हे चालणारं नव्हतंच. आठवडाभराने आईने वेगळी वाटी बंद केली. तिने सगळ्यांचंच मीठ कमी केलं, म्हणजे तीन बोटांच्या जागी दोन बोटं जाऊ लागली, आणि पापड-लोणचं रोजच्या ताटातून उठून सणावारापुरतं उरलं.

पहिले पंधरा दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. माझा धाकटा भाऊ तर शेजारी काकूंकडे वाटी घेऊन जायचा. आई स्वतःही समाधानी नव्हती. ती तळहात चाखायची, बरणीकडे बघायची आणि हात मागे घ्यायची. महिना उलटल्यावर कुरबुर थांबली. तिसऱ्या महिन्यात आमगावकडे एका लग्नाला गेलो. पंगतीत वांग्याची भाजी वाढली गेली, बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. भाऊ पाणी मागू लागला. शेजारचे लोक मिटक्या मारत जेवत होते आणि आम्हा सगळ्यांना ती भाजी खारट लागत होती. आचारी तोच होता, त्याच्या हातचं आम्ही पूर्वी कितीदा तरी जेवलो होतो. परतताना आई गाडीत हळूच म्हणाली, "आपण असंच खात होतो का जी पहिले?"

त्या प्रश्नाच्या मागे मी काही वर्षं फिरले. गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत, बचत गटाच्या बैठकांत, धान कुटण्या-पाखडण्याच्या जागी, शाळांच्या ओसरीवर. लोक आपल्या जिभेबद्दल फार मोकळेपणाने बोलतात हे मला तेव्हा कळलं. आजाराबद्दल बोलताना संकोच असतो, पैशाबद्दल असतो, पण 'तुम्हाला पूर्वी काय आवडायचं आणि आता काय आवडेनासं झालं' असं विचारलं की बाई काम बाजूला ठेवून बोलायला बसते. त्या बोलण्यातून हे पुस्तक झालं.

आईने जे घरात केलं, ते प्रयोगशाळेतही करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल नावाचं केंद्र आहे, तिथे प्रामुख्याने चव आणि गंध यांवर काम चालतं. तिथल्या मेरी बर्टिनो आणि गॅरी बोशां या संशोधकांनी, कार्ल एंगलमन यांच्यासोबत, 1982 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही तरुण माणसांनी पाच महिने कमी मिठाचा आहार घेतला, आणि त्यांना सूपमध्ये किती मीठ आवडतं हे अधूनमधून तपासलं गेलं. आवडणाऱ्या मिठाचं प्रमाण हळूहळू खाली आलं. बदल दिसायला दोन-तीन महिने लागले, म्हणजे जवळजवळ आमच्या घराला लागले तेवढेच. याच संशोधकांनी 1986 मध्ये उलटी बाजू तपासली. ज्यांनी अन्नात जास्तीचं मीठ घालून खाल्लं त्यांची मिठाची आवड वाढली, आणि ज्यांनी तेवढंच मीठ गोळ्यांमधून गिळलं त्यांची वाढली नाही. मला या दुसऱ्या अभ्यासाचं मोल जास्त वाटतं. पोटात किती मीठ गेलं याच्याशी आवडीला देणंघेणं नव्हतं, जिभेला रोज किती भेटतं याच्याशी होतं.

जिभेवरच्या रुचिकलिकांमधल्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या होतात. हे वाचून पुष्कळ जण समजतात की दहा-बारा दिवस कळ काढली की झालं. तसं होत नाही. पेशी नवी आली तरी तिला भेटणारं जेवण जुन्या प्रमाणाचं असेल तर मनातलं माप तेच राहतं. बाराव्या दिवशी 'मला काही फरक पडला नाही' म्हणून सोडून देणारे मला गावोगाव भेटले. ते चुकीच्या दिवशी थांबले होते, एवढंच मी त्यांना सांगू शकले. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचं, पापड, शेव-चिवडा या सगळ्यातलं मीठ त्या एका चमच्यात धरायचं असतं. आईच्या तीन बोटांचा हिशेब तिथेच चुकत होता.

आता आमच्या जिल्ह्याविषयी. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा आहे. वैनगंगेचं पाणी, इटियाडोहचा कालवा, कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव, आणि गोंदिया शहराच्या अंगावरून आलं की नाकात शिरणारा राईस मिलच्या कोंड्याचा वास. 'जेवलात का' याचा अर्थ आमच्याकडे 'भात खाल्ला का' असाच होतो. त्यामुळे इथे खाण्याची सवय बदलायची म्हटली की गाठ भाताशी पडते, आणि भाताची आवड ही मिठाच्या आवडीपेक्षा खोल रुतलेली असते.

पांढरा, बारीक, सुटा भात हा चांगल्या घराचा भात अशी आमची समजूत आहे. पाहुणा आला की जाड तांदळाचा डबा मागे सरतो आणि एचएमटीचा पुढे येतो. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या दीड-दोन एकरांच्या शेतात निवडून-निवडून तयार केला, आणि तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. त्या माणसाची दृष्टी आणि चिकाटी यांपुढे मी हात जोडते. पण पॉलिशचा पांढरेपणा हा वाणाचा गुण नसतो, तो यंत्राचा असतो. माझ्या आजीच्या लहानपणी धान ढेकीत कुटलं जायचं. त्या भाताला तांबूस छटा असायची, दाण्याला चिकटून कोंड्याचा पापुद्रा उरायचा, आणि तो चावावा लागायचा. मिल आली, भात पांढरा झाला, आणि एका पिढीत जिभेने पांढऱ्याला 'भात' आणि तांबड्याला 'गरिबाचा भात' असं नाव देऊन टाकलं.

त्या पापुद्र्याबरोबर काय जातं याचा शोध मोठा आहे. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरने पाहिलं की पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. त्या कामासाठी त्यांना 1929 चं नोबेल मिळालं. माणसातल्या त्या रोगाचं नाव बेरीबेरी, आणि कारण ब-1 जीवनसत्त्वाचा अभाव. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मुळात 1918 साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत सुरू केलेलं बेरीबेरी चौकशीचं केंद्र होतं. म्हणजे आपल्या देशातल्या पोषणशास्त्राचा जन्मच तांदळाच्या पॉलिशपाशी झाला. आणि आमच्यापासून फार लांब नसलेल्या वर्ध्याला 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातसडीच्या तांदळाचा प्रचार हे पहिल्या कामांपैकी एक मानलं. गांधीजींनी तर चवीचा प्रश्न आयुष्यभर स्वतःवर तपासून पाहिला. लंडनमध्ये शिकत असताना मसाले सोडल्यावर नुसता उकडलेला पालक त्यांना रुचू लागला, आणि चवीचं खरं ठाणं जीभ नसून मन आहे असा निष्कर्ष त्यांनी आत्मकथेत काढला. मला तो अर्धाच पटतो. मनाचा वाटा मोठा खरा, पण जीभ हा शरीराचा अवयव आहे आणि तिला शिकायला दिवस लागतात. संकल्पाने ते दिवस कमी होत नाहीत.

सडक अर्जुनीकडच्या एका गावात बायकांच्या गटाने मिलवाल्याला सांगून धान एकाच फेरीत काढून घेतलं, पॉलिश जवळजवळ न करता. पहिल्या दिवशी घरोघरी एकच तक्रार, 'भुसा लागतो'. पाणी कमी पडलं होतं, भिजवणं राहून गेलं होतं, दाणा आत टणक राहिला होता. दुसऱ्या वेळी तासभर भिजवला, पाणी वाढवलं. मुलांनी तरीही ताट सरकवलं. मग एका शहाण्या बाईने मार्ग काढला. तीन वाट्या पांढरा आणि एक वाटी नवा, मग दोनास दोन, मग एकास तीन. दिवाळीपासून होळीपर्यंत हे चाललं. होळीला मी त्या गावात गेले तेव्हा तिच्या ओसरीवर मला तोच भात वाढला गेला, वर तुरीचं वरण आणि लसणाची जवस चटणी. "आता पांढरा खाल्ला की पोटात काही गेलं असं वाटत नाही बापा," ती म्हणाली, "पानी गिळल्यासारखं लागते." तिच्या सुनेने तिथेच सांगून टाकलं की लेकीच्या साखरपुड्याला त्यांनी एचएमटीच रांधला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही या पुस्तकात आहेत.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिला पुस्तकात वेगळं प्रकरण दिलं आहे.

तांदूळ निवडणाऱ्या बाईकडे नीट बघा. मांडीवर सूप, बोटं खडे शोधताहेत, आणि मधूनच दोन बोटांनी चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात जातात. एखाद्या वेळी सगळ्याच जणी तसं करतात. पण काही जणींचं ते थांबत नाही. मी ज्या बाईबद्दल लिहितेय तिच्या पदराच्या गाठीत तांदूळ असायचे. शेतावर जाताना, कपडे धुताना, रात्री अंथरुणावर. कुटकुट चावायचा आवाज सासूला ऐकू जायचा. घरात कोणाला वाटलं डोहाळे लागलेत, तर दिवस गेलेले नव्हते. मग सासू म्हणाली ही वाईट खोड आहे, नवरा म्हणाला हिला काही झालंय. ती स्वतः मला म्हणाली, "सुटत नाही हो बाई. दातात करकर झाल्याशिवाय जीव शांत होत नाही." सांगताना तिने मान खाली घातली होती.

आशा कार्यकर्तीच्या आग्रहाने तिचं रक्त तपासलं गेलं. हिमोग्लोबिन फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जेवणानंतर लगेच घ्यायचा चहा तासभर पुढे गेला, कारण चहा अन्नातलं लोह शरीरात पुरेसं शिरू देत नाही, आणि भाजीवर लिंबू पिळायला तिला सांगितलं गेलं. पंधरा-वीस दिवसांनी सासूच्या लक्षात आलं की रात्रीचा आवाज बंद झालाय. बाईच्या स्वतःच्या लक्षातही आलं नव्हतं. पदराची गाठ सोडली तर त्यात तांदळाला कीड लागलेली.

कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ अशा गोष्टींची न आवरणारी ओढ हे रक्तात लोह कमी असल्याचं ओळखीचं लक्षण आहे. उपचार सुरू झाल्यावर ती ओढ पुष्कळदा रक्त पूर्ण भरून येण्याच्याही आधी जाते. आमच्या भातपट्ट्यात ती तांदळाचं रूप घेते, कारण हाताशी तांदूळ असतो. या बायकांना वर्षानुवर्षं 'खोड' म्हणून बोल लावले गेले. त्यांना दटावण्याऐवजी दवाखान्यात न्यायला हवं होतं. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते: पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि सिकलसेलचा ॲनिमिया नुसत्या लोहाने बरा होत नाही. तेव्हा दुकानातून गोळ्या आणून खाण्याआधी लोहाची आणि सिकलसेलची, अशा दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात.

ओढीचं हे एक टोक झालं. दुसरं टोक गोडाचं, आणि तिथे निकाल इतका सरळ लागत नाही. 2016 मध्ये मोनेल केंद्राच्याच पॉल वाइज आणि सहकाऱ्यांनी तीन महिने साखर कमी खाणाऱ्यांची चव तपासली. तेच पदार्थ त्यांना पूर्वीपेक्षा जास्त गोड लागू लागले, पण किती गोड आवडतं हे काही बदललं नाही. माझा स्वतःचा अनुभव याच्याशी जुळतो. चहातली दीड चमचा साखर मी अर्ध्यावर आणली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके सकाळी चहाच्या पत्तीची तुरट चव मला पहिल्यांदा कळली. आता कोणाकडे नेहमीचा चहा प्यायले की घशाशी गोड चिकटतं. दिवाळीच्या अनारशाची ओढ मात्र पूर्वी होती तेवढीच आहे. ती जावी असंही मला वाटत नाही.

साखर कमी झाल्यावर ज्या गोष्टी गोड लागू लागतात त्यांची मला मिळालेली यादी आमच्या तलावांची आणि रानाची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ढिवर बांधव तलावातून ओले शिंगाडे काढून आणतात. हिरवट-जांभळं साल दाताने सोलायचं, आतला पांढरा गर कचकन तुटतो, दुधासारखं पाणी सुटतं. लहानपणी मला तो गुळचट नसलेला, फिका वाटायचा, मी मीठ लावून खायची. आता मीठ लागत नाही. वाळलेलं मोहफूल, सीताफळ, टेंभुर्णीचं पिकलेलं फळ, अगदी ताजा मुळाही. एका शिक्षकांनी मला सांगितलं की साखर सोडल्यावर त्यांना दुधात गोडी असते हे साठाव्या वर्षी समजलं.

जिभेच्या बदलाबद्दल आमच्याकडे बोलायचं आणि खर्ऱ्याबद्दल गप्प राहायचं, हे मला जमणार नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत घातलेला खर्रा गोंदियात शाळकरी पोरांच्या खिशातही सापडतो. दिवसभर तो गालात असलेल्या माणसाला जेवणात तिखट-मीठ वाढवावंच लागतं, नाहीतर काही लागत नाही. आणि मग एक दिवस उलटं होतं. नेहमीची भाजी झोंबू लागते, मिरची सहन होत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही. घरचे म्हणतात, बरं झालं, तिखट सुटलं. हे सुटणं आरोग्याचं नाही. सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाण्याच्या रोगात अशीच आग होते, आणि त्या रोगातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तिखट अचानक झोंबू लागलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना तोंड दाखवावं. खर्रा सोडलेल्या सहा जणांशी मी बोलले. प्रत्येकाने वासाचा उल्लेख केला, फोडणीचा वास, ओल्या सांबाराचा म्हणजे कोथिंबिरीचा वास, पहिल्या पावसानंतर बांधावरून येणारा वास.

पावसाळा म्हणजे आमच्याकडे रानभाज्यांचे दिवस. तरोट्याची कोवळी पानं, बांबूचे वास्ते, जंगलात वारुळापाशी उगवणाऱ्या सात्या म्हणजे अळंब्या. वास्ते चिरून, उकळून, ते पाणी फेकूनच खायचे असतात, कारण कच्च्यात विषारी घटक असतो. सात्या ओळखणाऱ्या हातानेच तोडाव्यात. या चवी कडवट, तुरट, मातकट आहेत आणि शहरात वाढलेल्या पोराला त्या एका घासात आवडाव्यात ही अपेक्षा चूक आहे. लहान मुलाला नवी भाजी आवडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती चाखावी लागते. बहुतेक आया तिसऱ्या नकाराला हार मानतात आणि 'आमच्या पोराला भाजी आवडत नाही' हे त्याच्या नावाला कायमचं चिकटतं. संशोधक जुलिया मेनेला यांनी 2001 मध्ये दाखवून दिलं की गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईने गाजराचा रस घेतला असेल तर बाळ गाजराची चव अधिक सहज स्वीकारतं. पोटातल्या पाण्यातून आणि दुधातून आईचं जेवण बाळाच्या जिभेपर्यंत आधीच पोचलेलं असतं. तळहातावर रस्सा चाखणारी बाई घरच्या नऊ जिभा घडवते असं मी वर म्हटलं, त्यात अजून न जन्मलेली दहावी जीभही धरायला हवी.

इथे मला एका गोष्टीची काळजी घ्यायची आहे. 'पूर्वीचं खाणं चांगलं होतं' हे वाक्य या जिल्ह्यात सहज म्हणता येत नाही. देवरीकडच्या एका आजोबांना मी कोदो-कुटकीबद्दल विचारलं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, सगळीकडे कोदोचं कौतुक चाललं होतं, म्हणून मी उत्साहाने विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या घरी कोदो शिजला म्हणजे धान संपलं." त्यांना त्या चवीत आजही उपास आठवतो, आणि कोणत्याही पोषणतक्त्याने तो पुसला जाणार नाही. लाखोळीचंही तसंच. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत फेकलेली लाखोळी विनापाण्याची येते, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि डाळीचे वडे आम्ही आनंदाने खातो. पण दुष्काळात महिनोन्महिने तीच खाऊन राहिलेल्या माणसांचे पाय मध्य भारतात लुळे पडले, आणि 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. वरणात तिचा थोडा वाटा असणं आणि तिच्यावरच जगावं लागणं यांत फार अंतर आहे. आंबील उन्हाळ्यात मला अमृत वाटते, कारण मला ती निवडता येते. ज्याला ती निवडता आली नाही त्याच्यापुढे मी तिचे गोडवे गाऊ नयेत.

म्हणून या पुस्तकात 'हे खा, ते टाका' अशी प्रकरणं नाहीत. मिठाचा भाग पहिला आहे आणि सगळ्यांत लांब आहे, कारण त्यात बदल सर्वांत खात्रीने होतो आणि त्याला पैसा लागत नाही. त्यात पाच घरांच्या बारा-बारा आठवड्यांच्या नोंदी जशाच्या तशा दिल्या आहेत, अर्धवट सोडलेल्या दोन घरांसकट. त्यानंतर भात, मग ओढ आणि रक्त, मग गोड. रानभाज्यांचं प्रकरण छोटं आहे, कारण त्या विषयावर माझ्यापेक्षा जाणकार बायका गावागावांत आहेत आणि त्यांचं ज्ञान मी दोन पानांत कोंबणं बरं नव्हतं. कमी सोडियमच्या बाजारी मिठाबद्दल लोक नेहमी विचारतात. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किंवा रक्तदाबाच्या काही औषधांवर असलेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात राबणाऱ्याने, रोवणीच्या दिवसांत घामाने भिजणाऱ्याने, पूर्ण अळणी खाण्याचा हट्ट धरू नये.

ज्यांनी मला आपल्या स्वयंपाकघरात बसू दिलं त्या कोणाचंही नाव या पुस्तकात नाही. त्यांनीच तसं सांगितलं होतं. जेवणाच्या गोष्टीत घरातली भांडणं, आजार, हातातला पैसा सगळं येतं, ते त्यांचं त्यांच्यापाशी राहिलेलं बरं. मी लिहिलेलं प्रत्येक प्रकरण मी त्या-त्या घरी वाचून दाखवलं. दोन ठिकाणी मला चुका दाखवल्या गेल्या, एका ठिकाणी तांदूळ भिजवण्याचा वेळ आणि एका ठिकाणी नवऱ्याचा स्वभाव. दोन्ही दुरुस्त केलं आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात आईकडे गेले तेव्हा अंगणात कैऱ्यांचा ढीग होता. मी विचारलं, लोणच्यातलं मीठही कमी करणार का. ती म्हणाली, "लोणच्यात नाही करता येत, बुरशी धरते." मीठ तिने नेहमीचंच घेतलं, तागडीत वजन करून. फोडी मात्र तिने अंगठ्याच्या नखाएवढ्या केल्या. ढीगभर कैरी तशी चिरायला आम्हा दोघींना संध्याकाळ झाली. मसाला कालवल्यावर तिने डाव्या तळहातावर थोडासा खार घेतला, स्वतः चाखला नाही, माझ्या सात वर्षांच्या लेकीपुढे धरला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.